पॅच पाठवण्याआधी: कर्नलचं कंपाइल टेस्टिंग टप्प्याटप्प्याने, आणि बिल्ड फुटला तर कुठे पाहायचं

"माझ्याकडे तर बिल्ड झाला होता." लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, पहिला पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) पाठवणाऱ्यांकडून हे वाक्य सतत ऐकू येतं. गोव्यात फर्मागुडीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडून येतं आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बोर्डांवर काम करणाऱ्या अनुभवी लोकांकडूनही येतं. बहुतेक वेळा कोड चांगला असतो. पॅच परत येतो तो एकाच लॅपटॉपवर, एकाच कॉन्फिगवर (कर्नलचे कुठले भाग चालू, कुठले बंद याची यादी) आणि एकाच कंपायलरने तपासल्यामुळे. कर्नलमध्ये हजारो कॉन्फिग पर्याय आहेत आणि वीसच्या आसपास आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचे प्रकार. तुमचा लॅपटॉप म्हणजे त्यातली एक जोडी.

सगळ्या जोड्या तपासणं कुणालाच शक्य नाही आणि तशी अपेक्षाही नसते. आपला बदल नेमका कुठे मोडू शकतो हे ओळखून मोजक्या जोड्या निवडायच्या आणि स्वस्त तपासणी आधी, महागडी नंतर, या क्रमाने जायचं. चुकतो तो बहुतेकदा हा क्रमच.

उदाहरणासाठी एक काल्पनिक ड्रायव्हर धरू. एका बोर्डावरचा पंखा आणि तापमान सांभाळणारा कंट्रोलर आहे, फाइल 'ड्रायव्हर्स/मिस्क/पंखा.सी' आणि पर्याय 'कॉन्फिग_पंखा'. लेखातले आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते मूळ रोमन स्पेलिंगनेच टाइप करायचे. आर्च, क्रॉस_कंपाइल, ओ, डब्ल्यू, सी, व्ही, एलएलव्हीएम हे चल मोठ्या अक्षरांत असतात, 'मेक' आणि त्याची टार्गेट्स लहान अक्षरांत.

## टप्पा १: जागा आणि हत्यारं

सोर्स ट्री लिनक्सच्या फाइल सिस्टिमवरच ठेवा. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरणारे बरेचजण सवयीने सी ड्राइव्हवर क्लोन करतात आणि तिथेच फसतात. कर्नलमध्ये काही फाइलींच्या नावांत फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आहे. नेटफिल्टरच्या हेडरांमध्ये 'एक्सटी_टीसीपीएमएसएस.एच' हे नाव एकदा मोठ्या अक्षरांत आणि एकदा लहान अक्षरांत आहे. हा फरक न पाळणाऱ्या फाइल सिस्टिमवर दोघांतली एकच फाइल उरते आणि क्लोन करताक्षणी 'गिट स्टेटस' बदललेल्या फाइली दाखवू लागतो. डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्सच्या होम डिरेक्टरीत क्लोन करा. फोल्डरच्या नावात रिकामी जागा किंवा कोलन (:) नको, कारण त्यावर मेक पहिल्याच ओळीला थांबतो.

डेबियन किंवा उबुंटूवर ही पॅकेजेस हवीतच: बिल्ड-इसेन्शियल, फ्लेक्स, बायसन, बीसी, लिबएसएसएल-डेव्ह, लिबएल्फ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह. बीटीएफ (कर्नलमधल्या डेटा प्रकारांची माहिती) चालू असेल तर 'पाहोल' लागतो, तो ड्वॉर्व्ह्ज पॅकेजमध्ये मिळतो. 'फ्लेक्स: नॉट फाउंड' किंवा 'जीएल्फ.एच: नो सच फाइल' असं आलं तर कर्नलच्या कोडमध्ये काहीही शोधत बसू नका, पॅकेज राहिलं आहे. कंपायलरची किमान आवृत्ती कर्नलगणिक वाढत जाते, म्हणून ती पाठ करण्यापेक्षा ट्रीमधल्याच स्क्रिप्टला विचारा:

    स्क्रिप्ट्स/मिन-टूल-व्हर्जन.एसएच जीसीसी

उबुंटूचा चालू कॉन्फिग उचलून आणणाऱ्यांना 'कॅनोनिकल-सर्ट्स.पेम' बनवायचा नियम नाही अशी तक्रार दिसते. त्या कॉन्फिगमध्ये उबुंटूच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा पत्ता असतो. 'सिस्टिम_ट्रस्टेड_कीज' आणि 'सिस्टिम_रिव्होकेशन_कीज' रिकामे करा. खरं तर कंपाइल टेस्टिंगसाठी तो कॉन्फिग आणायचंच कारण नाही.

सत्तरी-सांग्याच्या बाजूला नेट मध्येच तुटतं आणि गिट क्लोन तुटला की पहिल्यापासून सुरू करावा लागतो. कर्नल डॉट ऑर्ग पूर्ण इतिहासाची 'क्लोन.बंडल' ही फाइल देतं. ती 'डब्ल्यूगेट -सी' ने तुटेल तिथून पुढे उतरवता येते. उतरल्यावर त्या फाइलीवरूनच क्लोन करा, रिमोटचा पत्ता बदला आणि उरलेलं फेच करा. जागा वाचवायला अगदी उथळ क्लोन करू नका. पुढे बायसेक्ट करताना (दोष कुठल्या कमिटमध्ये आला ते शोधताना) आणि 'फिक्सेस' ओळीसाठी (पॅच कुठल्या जुन्या कमिटची चूक सुधारतो ते सांगणारी ओळ) जुना कमिट शोधताना इतिहास लागतोच.

डिस्कवर पन्नासेक जीबी मोकळी असू द्या आणि डीबग माहिती बंद ठेवा. '-जे' नंतरचा आकडा कोअरांच्या संख्येइतका ठेवतात, पण रॅम कमी असेल तर तो उतरवा. लॉगमध्ये 'किल्ड' शब्द दिसला, किंवा कंपायलर सिग्नलमुळे मेल्याचं दिसलं, तर मेमरी संपली आहे. तुमच्या कोडचा त्यात दोष नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात लॅपटॉप तापून वेग उतरवतो, त्यामुळे मोठे बिल्ड रात्री लावणं बरं.

तपासा: स्वतःची एकही ओळ न घालता 'मेक डेफकॉन्फिग' आणि 'मेक -जे८' पूर्ण होतं का? होत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पाया कोणता, ते आधी ठरवा

'मेंटेनर्स' फाइलमध्ये (कर्नलचा कुठला भाग कोण सांभाळतं याची यादी) आपल्या भागासमोर 'टी' अक्षराची ओळ असते. त्या मेंटेनरची गिट ट्री कोणती, हे तिथे कळतं. पंख्याच्या ड्रायव्हरसाठी ती चार-मिस्क ट्री (इथे 'चार' हा आकडा नाही, 'कॅरेक्टर'चं लघुरूप आहे). पॅच तिच्या पुढच्या शाखेवर बसवा. ठरवता येत नसेल तर लिनक्स-नेक्स्टवर (सगळ्या मेंटेनरांचे येऊ घातलेले बदल एकत्र करणारी ट्री) किमान एकदा बसवून पाहा.

मग कोरा पाया, म्हणजे तुमच्या पॅचशिवायची तीच ट्री, बिल्ड करून त्याचा लॉग जपून ठेवा. लिनक्स-नेक्स्ट रोज बदलतो, तो कधी कधी आधीच फुटलेला असतो. कोरा लॉग हाताशी नसेल तर दुसऱ्याच्या चुकीवर आपली संध्याकाळ जाते.

बिल्ड नेहमी सोर्सच्या बाहेर, वेगळ्या डिरेक्टरीत करा आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र डिरेक्टरी द्या:

    मेक ओ=../बिल्ड/एक्स८६ डेफकॉन्फिग
    मेक ओ=../बिल्ड/एक्स८६ -जे८

आधी कधी सोर्समध्येच बिल्ड केला असेल तर 'सोर्स ट्री क्लीन नाही' म्हणून मेक अडतो. तेव्हा एकदा 'मेक एमआरप्रॉपर' चालवा.

सावधान: एमआरप्रॉपर '.कॉन्फिग'ही पुसतो. हवा असेल तर आधी बाहेर कॉपी करून ठेवा.

## टप्पा ३: आधी आपली फाइल, आणि ती खरंच बिल्ड होते का

पूर्ण कर्नल लावायच्या आधी फक्त आपली फाइल घ्या. काही सेकंदांचं काम आहे.

    मेक ओ=../बिल्ड/एक्स८६ डब्ल्यू=१ ड्रायव्हर्स/मिस्क/पंखा.ओ

'डब्ल्यू=१' जास्तीच्या वॉर्निंग चालू करतो. पाठवलेल्या पॅचच्या आपोआप होणाऱ्या रोबो तपासणीतही (टप्पा ९) या वॉर्निंग पाहिल्या जातात, म्हणून आपण आधीच पाहिलेल्या बऱ्या. स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) बसवला असेल तर 'सी=२' जोडा. लिटल एंडियन आणि बिग एंडियन (बाइटांचा क्रम एकमेकांच्या उलट असलेल्या) मूल्यांची सरमिसळ, किंवा यूजर स्पेसचा पॉइंटर थेट वापरणं, हे दोष कंपायलरला दिसत नाहीत, स्पार्सला दिसतात.

एकट्या फाइलीनंतर पूर्ण बिल्ड. सगळ्यात फसवं यश इथेच मिळतं: बिल्ड सुरळीत संपतो, एकही एरर येत नाही, कारण तुमचा ड्रायव्हर त्यात कंपाइल झालेलाच नसतो. असं का होतं ते नीट समजून घ्या.

तुम्ही स्क्रिप्टने पर्याय चालू करता:

    स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --फाइल ../बिल्ड/एक्स८६/.कॉन्फिग -ई पंखा
    मेक ओ=../बिल्ड/एक्स८६ ओल्डडेफकॉन्फिग

पहिला आदेश '.कॉन्फिग' मध्ये ओळ लिहितो, पण अवलंबन पाहत नाही. दुसरा ते पाहतो. 'पंखा' ज्यावर अवलंबून आहे त्यातलं काही बंद असेल तर तुमची ओळ काहीही न बोलता काढून टाकतो. ना वॉर्निंग, ना एरर. मग मेक अर्धा तास चालतो आणि तुम्ही खूश होता.

तपासा: ओल्डडेफकॉन्फिगनंतर '.कॉन्फिग' मध्ये 'कॉन्फिग_पंखा' ग्रेप करा. त्यापुढे 'वाय' किंवा 'एम' दिसलंच पाहिजे. बिल्डनंतर 'पंखा.ओ' फाइल आहे का आणि तिची वेळ आत्ताची आहे का, तेही पाहा. पर्याय गळाला असेल तर 'मेक मेनुकॉन्फिग' उघडून तिरकी रेघ दाबा आणि नाव शोधा. कोणतं अवलंबन अपुरं आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

'मेकफाइल' मध्ये ओळ घालायची राहिली तरी परिणाम हाच होतो, कॉन्फिग चालू आणि फाइल मात्र कंपाइलच नाही. ऑब्जेक्ट फाइल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढचा टप्पा घेऊ नका.

## टप्पा ४: वाय, एम, एन

परत येणारे सर्वाधिक पॅच मला याच टप्प्यावर अडलेले दिसतात, म्हणून थोडं थांबू.

ट्रायस्टेट पर्यायाला तीन मूल्यं असतात: कर्नलमध्येच (वाय), मॉड्यूल म्हणून, म्हणजे नंतर लोड होणारा वेगळा तुकडा (एम), किंवा बंद (एन). आपला ड्रायव्हर तापमान दाखवण्यासाठी एचडब्ल्यूमॉनची (हार्डवेअरचं तापमान वगैरे दाखवणारा कर्नलचा भाग) फंक्शन वापरतो, पण एचडब्ल्यूमॉन नसला तरी पंखा चालला पाहिजे. एचडब्ल्यूमॉनसुद्धा ट्रायस्टेट आहे. आता पंखा 'वाय' आणि एचडब्ल्यूमॉन 'एम' अशी जोडी पडली तर? कर्नलमध्ये कायम बसलेला कोड मॉड्यूलमधल्या फंक्शनला हाक मारतो आणि ते फंक्शन लिंक करताना हजर नसतं. प्रत्येक फाइल बिनतक्रार कंपाइल होते आणि अगदी शेवटी, व्हीएमलिनक्स (कर्नलची जोडलेली पूर्ण फाइल) जोडताना, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतो.

उपाय केकॉन्फिगमध्ये (पर्याय आणि त्यांची अवलंबनं लिहिलेली फाइल) एका ओळीचा आहे:

    डिपेंड्स ऑन एचडब्ल्यूमॉन || !एचडब्ल्यूमॉन

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही ओळ निरर्थक वाटते आणि काहीजण ती 'साफसफाई' म्हणून काढूनही टाकतात. पण केकॉन्फिगच्या गणितात 'एम'चं उलटंही 'एम'च असतं. म्हणून एचडब्ल्यूमॉन 'एम' असताना पूर्ण ओळीचं मूल्य 'एम' होतं आणि पंख्याला 'वाय' होता येत नाही. एचडब्ल्यूमॉन 'वाय' किंवा 'एन' असेल तर कोणतंच बंधन नाही. आपल्याला हवं होतं तेच.

कोडमध्ये 'इझ_रीचेबल' (समोरचा भाग इथून वापरता येईल का, ही तपासणी) वापरूनही लिंकर गप्प होतो. मी तो टाळायला सांगतो, कारण मग दोन्ही पर्याय चालू असूनही तापमान दिसत नाही आणि वापरणाऱ्याला कारण कळायला मार्ग उरत नाही. दुसरी पळवाट 'सिलेक्ट'ची. सिलेक्ट हा समोरच्या पर्यायाची अवलंबनं न पाहता त्याला चालू करतो, मग 'अनमेट डायरेक्ट डिपेन्डन्सीज' ही वॉर्निंग येते. ज्याला स्वतःची अवलंबनं नाहीत अशा छुप्या, लायब्ररीसारख्या पर्यायांपुरताच सिलेक्ट ठेवा.

उलटी बाजूही पाहा. 'वाय' असताना सगळं ठीक आणि 'एम' केल्यावर मॉडपोस्ट (मॉड्यूल जोडण्याआधी त्यांचे सिम्बॉल तपासणारा प्रोग्राम) म्हणतो, अमुक सिम्बॉल पंखा.केओ मध्ये 'अनडिफाइन्ड'. याचा अर्थ तुम्ही वापरलेलं फंक्शन कर्नलमध्ये आहे, पण मॉड्यूलांसाठी एक्स्पोर्ट केलेलं नाही. एक्स्पोर्ट करून टाकायची घाई नको. ते मुद्दाम आतलं ठेवलेलं असू शकतं, आणि त्याच कामासाठी एक्स्पोर्ट केलेलं दुसरं फंक्शन बहुधा सापडतं. 'मॉड्यूल_लायसन्स' राहिलं तरीही मॉडपोस्ट इथेच अडवतो.

तपासा: चार जोड्या. दोन्ही 'वाय', दोन्ही 'एम', एचडब्ल्यूमॉन 'एन', आणि पंखा 'वाय' व एचडब्ल्यूमॉन 'एम'. शेवटची जोडी ओल्डडेफकॉन्फिगनंतर टिकताच कामा नये. टिकली तर केकॉन्फिग चुकीचा आहे.

## टप्पा ५: मोठे कॉन्फिग

'मेक ऑलमॉडकॉन्फिग' जे जे मॉड्यूल होऊ शकतं ते 'एम' करतो. त्यासोबत 'कंपाइल_टेस्ट' हा पर्यायही चालू होतो. हा पर्याय ज्या हार्डवेअरवर ड्रायव्हर कधीच चालणार नाही तिथेही तो कंपाइल होऊ देतो. ड्रायव्हर एखाद्याच एसओसीसाठी (प्रोसेसर आणि इतर भाग एकत्र असलेली चिप) असेल तर अवलंबनाची ओळ 'आर्च_अमुक || कंपाइल_टेस्ट' अशी लिहा, म्हणजे तुमचा कोड जगभरच्या तपासणीत येतो.

सावधान: 'कंपाइल_टेस्ट' जोडलात की ड्रायव्हर यूएमसारख्या (यूजर मोड लिनक्स, म्हणजे साध्या प्रोग्रामसारखा चालणारा कर्नल) ठिकाणीही कंपाइल होऊ शकतो, आणि तिथे मेमरी-मॅप्ड आयओ असेलच असं नाही. 'डेव्हएम_आयओरीमॅप' कुटुंबातलं फंक्शन वापरत असाल तर 'डिपेंड्स ऑन हॅझ_आयओमेम' लिहिलेलं बरं.

कर्नल ५.१५ पासून 'वेरर' हा पर्याय आहे आणि कंपाइल_टेस्ट चालू असेल तर तो आपोआप चालू होतो. म्हणून ऑलमॉडकॉन्फिगमध्ये साधी वॉर्निंगही बिल्ड पाडते. स्वतःच्या वॉर्निंगवर उपाय एकच, ती दुरुस्त करणं. पायातल्या दुसऱ्याच्या वॉर्निंगमुळे अडलात तर त्या एका बिल्ड डिरेक्टरीत वेरर तात्पुरता बंद करा आणि आपल्या फाइलीचा लॉग वेगळा तपासा.

साध्या लॅपटॉपवर ऑलमॉडकॉन्फिगला कित्येक तास लागतात. कोरा पाया एकदा रात्री बिल्ड करून ठेवा आणि सकाळी त्यावर पॅच बसवून पुन्हा मेक चालवा, म्हणजे बदललेलं तेवढंच कंपाइल होतं. मात्र सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या हेडरला हात लावला असेल तर जवळपास पूर्ण कर्नल पुन्हा कंपाइल होणार, तो वेळ हाताशी धरूनच चाला.

भरगच्च कॉन्फिगमध्ये न दिसणाऱ्या चुका रिकाम्या कॉन्फिगमध्ये दिसतात. पॉवर मॅनेजमेंट बंद असलेला कॉन्फिग घ्या. तुमची सस्पेंड आणि रिझ्यूम फंक्शन कुणी वापरतच नाही आणि 'डिफाइन्ड बट नॉट यूज्ड' येतं. त्याभोवती इफडेफ (पर्याय बंद असताना कोड वगळणारी अट) गुंडाळण्याची जुनी रीत सोडा. 'डिफाइन_सिंपल_डेव्ह_पीएम_ऑप्स' आणि 'पीएम_स्लीप_पीटीआर' वापरले की कंपायलर फंक्शन पाहतो आणि नको तेव्हा स्वतःच गाळतो. डिव्हाइस ट्री (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) बंद असताना 'ऑफ_मॅच_पीटीआर' मुळे मॅच टेबल विनावापर राहतो. बहुतेक ड्रायव्हरांमध्ये तो मॅक्रो काढून टेबलाचं नाव थेट देणं पुरतं.

वेळ उरला तर रँडकॉन्फिगचे (पर्याय यादृच्छिक निवडणारा कॉन्फिग) काही फेरे मारा. सुरुवातीला तो वापरलेला सीड छापतो. तो टिपून ठेवा, पुढच्या वेळी 'केकॉन्फिग_सीड' मध्ये दिला की त्याच ट्रीवर तोच कॉन्फिग परत मिळतो. फुटलेल्या फेऱ्याची '.कॉन्फिग' लगेच बाजूला कॉपी करा, नाहीतर पुढचा फेरा तिच्यावर लिहितो.

## टप्पा ६: दुसरी आर्किटेक्चर

सुरुवात आय३८६ पासून करा. एक्स८६च्या मशिनवर त्यासाठी वेगळा कंपायलर लागत नाही आणि ३२ बिटच्या बहुतेक चुका तिथेच उघड्या पडतात:

    मेक ओ=../बिल्ड/आय३८६ आर्च=आय३८६ ऑलमॉडकॉन्फिग

पुढे एआरएम, एआरएम६४ आणि एस३९० घ्या. एस३९० यासाठी की तो बिग एंडियन आहे. डेबियनमध्ये या तिन्हींचे क्रॉस कंपायलर पॅकेज म्हणून मिळतात.

    मेक ओ=../बिल्ड/आर्म६४ आर्च=आर्म६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- ऑलमॉडकॉन्फिग

दोन गोष्टी हमखास चुकतात. क्रॉस_कंपाइलच्या शेवटची आडवी रेघ राहते. आणि 'आर्च=' फक्त पहिल्या आदेशाला देऊन पुढच्याला विसरलं जातं. दुसरी चूक महागात पडते, कारण 'आर्च' शिवाय ओल्डडेफकॉन्फिग चालवला की एआरएम६४चा कॉन्फिग निमूटपणे एक्स८६चा होतो. दोन्ही चल एका छोट्या शेल स्क्रिप्टमध्ये टाका आणि मेक नेहमी तिच्यातूनच चालवा.

३२ बिटवर पहिला दणका भागाकाराचा. ड्रायव्हरमध्ये नॅनोसेकंदांची यू६४ संख्या साध्या भागाकाराच्या चिन्हाने भागली असेल तर ६४ बिटवर काहीच होत नाही. आय३८६ वर '__यूडिव्हडीआय३' आणि एआरएमवर '__एईएबीआय_यूएलडिव्हमॉड' सापडत नाही म्हणून तक्रार येते. ही नावं तुमच्या कोडमध्ये कुठेच नसतात, म्हणून माणूस गोंधळतो. ३२ बिटवर एवढा मोठा भागाकार करायला कंपायलर त्याच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या फंक्शनला हाक मारतो आणि कर्नल ती लायब्ररी जोडत नाही. भाजक ३२ बिटचा असेल तर 'डिव्ह_यू६४', ६४ बिटचा असेल तर 'डिव्ह६४_यू६४' वापरा. 'डू_डिव्ह' वापरताना जपून: तो भागाकार पहिल्या चलातच लिहून ठेवतो आणि परत देतो ती बाकी. त्याचं परत आलेलं मूल्य भागाकार समजून वापरलं तर बिल्ड होतो, पंखा मात्र भलत्याच वेगाने फिरतो.

दुसरा दणका हेडरांचा. 'फील्ड_प्रेप' किंवा 'फील्ड_गेट' वापरलं, एक्स८६ वर चाललं, आणि दुसरीकडे 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' आलं. एक्स८६ वर 'बिटफील्ड.एच' दुसऱ्याच कुठल्या हेडरच्या पाठीवर बसून आत आली होती. जे वापरता त्याची हेडर स्वतः घ्या: 'रीडएल'साठी 'लिनक्स/आयओ.एच', 'केमॅलॉक'साठी 'लिनक्स/स्लॅब.एच'.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. साइझ_टी छापायला '%झेडयू', डीएमए पत्त्याला '%पीएडी' आणि त्याला पत्त्याचा पॉइंटर. ३१ च्या पुढच्या बिटसाठी 'बिट' ऐवजी 'बिट_यूएलएल'. पॉइंटर यू३२ मध्ये कोंबू नका.

एक फेरा क्लँगनेही (जीसीसीऐवजी वापरता येणारा दुसरा कंपायलर) मारा, 'एलएलव्हीएम=१' देऊन. एखाद्या वाटेने चल न भरताच वापरला जातो हे क्लँग जास्त काटेकोरपणे सांगतो. कर्नलच्या साध्या बिल्डमध्ये जीसीसीची ती वॉर्निंग बंद ठेवलेली असते. आधी जीसीसीने भरलेली डिरेक्टरी क्लँगला देऊ नका, नवी घ्या.

## टप्पा ७: बिल्ड फुटला, आता लॉग वाचा

समांतर बिल्डमध्ये खरी चूक शेवटी नसते. एक फाइल पडली तरी बाकीची कामं चालू राहतात आणि त्यांच्या ओळी तिच्यावर साचत जातात. शेवटी दिसणारा 'एरर २' म्हणजे वरच्या मेकने खालच्या मेकचं अपयश कळवणं, त्यात माहिती काहीच नाही. लॉग फाइलमध्ये घ्या आणि त्यात वरून पहिला 'एरर:' शोधा. लॉग 'टी' (टी-ई-ई, पडद्यावर आणि फाइलीत दोन्हीकडे लिहिणारा आदेश) मधून जात असेल तर शेलमध्ये 'पाइपफेल' चालू ठेवा, नाहीतर मेक पडूनही स्क्रिप्टला यश दिसतं.

मग चूक कुठल्या थरातली ते ओळखा. ओळीच्या सुरुवातीला फाइलचं नाव आणि ओळक्रमांक असेल तर ती कंपाइलची चूक, कोड पाहा. 'मॉडपोस्ट' शब्द असेल तर एक्स्पोर्ट किंवा मॉड्यूलची माहिती. 'एलडी' आणि 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असेल तर जवळजवळ नेहमी केकॉन्फिग किंवा ६४ बिटचा भागाकार. लिंकची चूक सोडवायला सी फाइलमध्ये तासन्‌तास घालवणारे पाहिले की वाईट वाटतं, कारण उत्तर केकॉन्फिगच्या एका ओळीत असतं.

'कंपाइलटाइम_असर्ट' आणि पुढे आकडा असं विचित्र नाव आलं तर 'बिल्ड_बग_ऑन'सारखी एखादी अट मोडली आहे. फील्ड_प्रेपला मास्कमध्ये न मावणारं स्थिर मूल्य दिलं की असंच होतं. मॅक्रोत अडकलात तर '.ओ' ऐवजी '.आय' टार्गेट द्या, मॅक्रो उलगडलेला कोड समोर येतो. 'व्ही=१' कंपायलरचा पूर्ण आदेश दाखवतो. '-के' दिला की मेक पहिल्या चुकीला न थांबता पुढे जातो आणि सगळ्या चुका एका फेऱ्यात जमतात.

आता आपल्याकडचा खास प्रकार. जून ते सप्टेंबरात वाऱ्याने फांदी तारेवर पडते आणि डेस्कटॉपवर चाललेला बिल्ड वीज जाऊन मध्येच मरतो. वीज आल्यावर पुन्हा मेक लावला की कधीच न ऐकलेल्या चुका येतात: 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइझ्ड', किंवा '.सीएमडी' फाइलीत 'मिसिंग सेपरेटर'. वीज गेली त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या फाइली रिकाम्या किंवा अर्धवट राहिलेल्या असतात, आणि त्यांची वेळ नवी असल्यामुळे मेक त्यांना तयार समजतो. एकेक फाइल शोधून पुसत बसू नका. ती बिल्ड डिरेक्टरी आख्खी उडवा आणि पुन्हा करा. सोर्स वेगळा ठेवल्यामुळे त्याला धक्का लागत नाही. त्याच वेळी कमिट चालू असेल तर 'गिट एफएससीके' एकदा चालवून घ्या.

## टप्पा ८: मालिकेतला प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे

चार पॅचची मालिका शेवटी बिल्ड होते, पण दुसऱ्या पॅचमध्ये वापरलेलं फंक्शन तिसऱ्यात येतं. अशी मालिका मेंटेनर परत पाठवतो, आणि ते योग्यच आहे. दोन वर्षांनी कुणी वेगळाच दोष बायसेक्ट करत असेल आणि नेमका तुमच्या दुसऱ्या पॅचवर उतरला, तर त्याचा बिल्ड विनाकारण पडतो. त्याला 'गिट बायसेक्ट रन'च्या स्क्रिप्टमधून १२५ परत देऊन तो कमिट वगळावा लागतो.

    गिट रीबेस -आय --एक्झेक "मेक ओ=../बिल्ड/एक्स८६ -जे८ ड्रायव्हर्स/मिस्क/" चार-मिस्क-नेक्स्ट

रीबेस प्रत्येक पॅचनंतर हा आदेश चालवतो आणि पहिल्या अपयशाला थांबतो. तिथेच दुरुस्ती करून '--अमेंड' आणि पुढे '--कंटिन्यू'. डिरेक्टरीपुरत्या मेकमध्ये अंतिम लिंकिंग होत नाही, म्हणून हे झाल्यावर एका रात्री हाच आदेश पूर्ण बिल्डसह चालवा.

सावधान: केकॉन्फिगची ओळ आणि तिने चालू होणारा कोड वेगवेगळ्या पॅचमध्ये असतील तर कोड आधी, ओळ नंतर.

## टप्पा ९: पाठवल्यावर रोबोचा अहवाल आला तर

'गिट फॉरमॅट-पॅच'ला '--बेस' द्या, म्हणजे पॅच कुठल्या कमिटवर बसतो ते तपासणाऱ्या यंत्रांनाही कळतं. इंटेलचा कर्नल टेस्ट रोबो पॅच उचलून अनेक आर्किटेक्चर आणि रँडकॉन्फिगवर चालवतो. अहवालात कमिट, कंपायलरची आवृत्ती, कॉन्फिग आणि तीच चूक पुन्हा काढण्याची रीत दिलेली असते. तोच कॉन्फिग नव्या बिल्ड डिरेक्टरीत 'डॉट कॉन्फिग' नावाने ठेवा, तेच आर्च आणि तोच कंपायलर घ्या, ओल्डडेफकॉन्फिग चालवा आणि मग फक्त ती फाइल. चूक डोळ्यांनी दिसली की मगच दुरुस्तीला हात घाला. दिसत नसेल तर कंपायलरची आवृत्ती आणि 'डब्ल्यू=१' आधी पडताळा, फरक बहुतेकदा तिथेच असतो.

उत्तर कसं द्यायचं हे पॅच कुठे पोचला आहे त्यावर ठरतं. पॅच अजून स्वीकारलेला नसेल तर दुरुस्ती त्याच पॅचमध्ये मिसळून नवी आवृत्ती पाठवा आणि तीन आडव्या रेघांखाली काय बदललं ते लिहा. तिथे रोबोच्या नावाची 'रिपोर्टेड-बाय' ओळ नको, कारण ती वाचून मूळ पॅचची कल्पनाच रोबोची होती असा समज होतो. पॅच मेंटेनरच्या ट्रीत गेला असेल तर वेगळा छोटा पॅच करा. त्यात 'फिक्सेस' ओळीत मूळ कमिटची पहिली बारा अक्षरं आणि शीर्षक, 'रिपोर्टेड-बाय' मध्ये रोबो, आणि 'क्लोझेस' मध्ये अहवालाचा दुवा. कमिट संदेशात कुठल्या कॉन्फिगवर, कुठल्या आर्किटेक्चरवर आणि कशामुळे फुटलं ते दोन वाक्यांत लिहा. फुटण्याची एररची ओळ जशीच्या तशी द्या, म्हणजे हीच चूक शोधणाऱ्याला तुमचा पॅच सापडेल.